कॅलिपर हातात घेतलेल्या बाई

इरावती कर्वे म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना 'युगान्त' आठवतं. महाभारतातल्या माणसांवर लिहिणाऱ्या विदुषी, साहित्य अकादमीचा पुरस्कार, बस्स! मराठीच्या पेपरला दोन मार्कांपुरती एवढी माहिती पुरे होते. माझीही ओळख तेवढीच होती. पण या बाईंचा खरा धंदा वेगळाच होता. कॅलिपर घेऊन गावोगाव हिंडायचं आणि माणसांची डोकी, नाकं, उंच्या मोजायच्या. म्हणजे एका अर्थाने सर्व्हेच! फक्त आपण जमीन मोजतो, त्या माणसं मोजत होत्या. हे मला दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हे कॅम्पनंतर कळलं. त्या कॅम्पचं काय ते पुढे सांगेनच, पण आधी त्यांची गोष्ट.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिकडे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. इरावती नदीच्या देशात जन्मली म्हणून मुलीचं नाव इरावती. गंमत बघा, ज्या वर्षी ही मराठी मुलगी ब्रह्मदेशात जन्मली, त्या वर्षी ब्रह्मदेशचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत इंग्रजांच्या कैदेत दिवस काढत होता. रविवारी आपण ज्या थिबा पॅलेसला चक्कर मारतो तो बांधायलाही अजून काही वर्षं होती. असो.

सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत ठेवलं. म्हणजे सातव्या वर्षापासून हॉस्टेल! आपण अठराव्या वर्षी आलो तरी पहिल्या महिन्यात रोज रात्री घरी फोन लावून रडत होतो. तिथे तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि शकुंतलेमुळे रँग्लर परांजप्यांचं घर मिळालं. र. पु. परांजपे त्या वेळी फर्ग्युसनचे प्राचार्य. पुस्तकांनी भरलेलं, वाद घालणारं, देवधर्माची फारशी फिकीर न करणारं घर होतं ते. इरावती तिथली दुसरी मुलगीच झाली.

इथे रत्नागिरीकर म्हणून थोडा भाव खाऊन घेते. रँग्लर परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. इरावतीबाईंचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे मुरूडचे. आणि मुंबई विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्रात एम. ए. केलं ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिघेही आपलेच! एवढंच काय, १९२८ सालच्या त्या एम. ए. च्या प्रबंधाचा विषयही आपल्याच मातीतला होता, चित्पावन ब्राह्मण.

आता हा विषय कोकणात किती नाजूक आहे हे मी सांगायला नको. गोरा रंग, घारे डोळे यावरून हॉस्टेलवर जे विनोद चालतात ते आपण सगळेच ऐकतो. 'कोब्रा' हा शब्द कुणी प्रेमाने वापरतं, कुणी टोचायला. परशुरामाने चितेवरची प्रेतं जिवंत केली त्याची कथा एका बाजूला, आणि हे लोक समुद्रापलीकडून जहाजातून आले असावेत अशा दंतकथा दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे मुद्दा एकच, माणसाच्या कातडीवरून आणि डोळ्यांवरून त्याची पायरी ठरवायची. ज्याचा रंग उजळ तो वरचा, ज्याचं नाक बसकं तो खालचा. माझा रंग आमच्या घरात सगळ्यात काळा आहे, त्यामुळे या पायऱ्या मला पाठ आहेत.

आणि हे फक्त आजी-मावश्यांचं शास्त्र नव्हतं बरं का! तेव्हाचं खरोखरचं शास्त्र होतं. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी होऊन गेला. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. रिस्लेचं म्हणणं असं की हा आकडा जितका कमी तितकी जात वरची. डोक्याचंही तसंच. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर. ७५ च्या खाली आलं तर लांब डोक्याचा, ८० च्या वर गेलं तर रुंद डोक्याचा. आपण फर्स्ट इयरला व्हर्नियर कॅलिपरने लोखंडाचा ठोकळा मोजतो आणि लीस्ट काउंट लिहितो, तसंच हे लोक माणसं मोजायचे. फरक इतकाच की ठोकळ्याला कुणी हलका किंवा भारी म्हणत नाही. घुर्यांनी पुढे रिस्लेचेच आकडे तपासून दाखवलं की हे गणित एखाद्या प्रांतात जमलं तरी देशभर जमत नाही.

इरावतीबाईंचं लग्न दिनकर धोंडो कर्व्यांशी झालं होतं. दिनकरराव केमिस्ट्रीचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. १९२८ मध्ये बायकोने पीएच. डी. साठी बर्लिनला जायचं ठरवलं तेव्हा ते पाठीशी उभे राहिले. विरोध केला तो कुणी? वडिलांनी, आणि महर्षी कर्व्यांनी! विधवांसाठी आश्रम काढणारा, बायकांचं विद्यापीठ स्थापन करणारा माणूस स्वतःच्या सुनेला म्हणाला की तुला याची गरज नाही. मला हा प्रसंग वाचून राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर नवल वाटलं नाही. दुसऱ्यांच्या मुलींबद्दल आपण सगळेच पुरोगामी असतो. शेवटी काँग्रेसचे जीवराज मेहता (जे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले) यांच्याकडून कर्ज काढून बाई बोटीत बसल्या.

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या ती होती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था, १९२७ मध्ये नुकतीच सुरू झालेली. संचालक ऑयगेन फिशर. हा माणूस पूर्वी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं करून आला होता आणि वंश मिसळले की माणूस खालावतो असं त्याचं ठाम मत होतं. पुढे हिटलर आल्यावर याच संस्थेने नाझींच्या वंशवादी कायद्यांना शास्त्राचा शिक्का पुरवला. ऑशविट्झचा डॉक्टर मेंगेले ज्या फेर्शुअरचा सहायक होता, तो फेर्शुअर १९४२ मध्ये फिशरच्या जागी बसला. म्हणजे जागा कसली होती ते लक्षात घ्या. आणि तिथे एक बावीस-तेवीस वर्षांची, साडी नेसणारी, गुलाम देशातली बाई कवट्या मोजत बसलेली.

फिशरने दिलेला विषय असा. गोऱ्या युरोपियन माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंना सारखी नसते, कारण त्याच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, आणि तो मोठा असतो म्हणून त्याला बुद्धी जास्त. इतर वंशांत हे दिसायचं नाही. हे सिद्ध करून दाखवायचं! उत्तर आधीच ठरलेलं, फक्त रीडिंग्ज घ्यायची. आपल्या प्रॅक्टिकलसारखंच म्हणा ना. ग्राफ सरळ रेषेतच आला पाहिजे, नाहीतर जर्नलवर सही नाही.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही वसाहतींतून आणलेल्या. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं की तुमची डोकी बर्लिनच्या कपाटात ठेवू का. मोजमाप संपलं तेव्हा निष्कर्ष असा निघाला की कवट्या कमीअधिक असमान असतात हे खरं, पण त्याचा वंशाशी काही संबंध नाही. गोऱ्यांच्याही असतात, काळ्यांच्याही असतात. गाइडचा सिद्धांत गाइडच्याच संस्थेत, गाइडच्याच पद्धतीने खोटा ठरला, आणि बाईंनी तो तसाच लिहून दिला. रीडिंग्ज 'अ‍ॅडजस्ट' केली नाहीत! पीएच. डी. घेऊन त्या भारतात परतल्या.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्या मुंबईला महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. ऑफिसचं काम, त्यांना फारसं रुचलं नसावं. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रीडर म्हणून आल्या आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. आता खरी गोष्ट सुरू होते.

डेक्कन कॉलेजातून त्या सारखी दौऱ्यावर जात. महाराष्ट्र तर पायाखाली घातलाच, शिवाय गुजरात, ओरिसा, दक्षिणेतले प्रांत, रानातल्या वाड्या. कधी पुरुष सहकाऱ्यांबरोबर, कधी विद्यार्थ्यांबरोबर, कधी स्वतःची मुलं बरोबर घेऊन. गोठ्यात झोपायचं, ट्रकच्या मागच्या हौद्यात झोपायचं, मिळेल ते खायचं, न मिळालं तर तसंच राहायचं. एका आदिवासी प्रमुखाने पुढ्यात अर्धवट कच्चं मांस ठेवलं. कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरातली बाई, पण तिने ते खाल्लं. पुढ्यात ठेवणाऱ्याने मैत्री म्हणून ठेवलंय आणि परीक्षाही बघतोय, हे ओळखून. गुजरातेत लांघणजला डॉ. सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे निघाले, तिथेही त्या होत्या.

हे सगळं साडीत. पुढे लँब्रेटा स्कूटर घेतली तीही साडीतच चालवली. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव सांगतात. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नवऱ्याला सरळ 'दिनू' अशी हाक. फोटोत बघितल्या तर चांगल्या उंच, भरदार, गोऱ्या. अशी बाई गावात शिरली की गाव आधी तिलाच बघत असणार. मोजायला आलेलीच मोजली जात असणार! ही बामणीण आहे का मडमीण, विधवा आहे का सवाष्ण, पोरं कुणाची? तुमचं शरीर बरोबर घेतल्याशिवाय फिल्डवर जाताच येत नाही, आणि तिथे लोक तुमच्या डिग्रीच्या आधी तुमचं शरीर वाचतात. हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आता कॅम्पचं सांगते. सात दिवसांचा सर्व्हे कॅम्प होता, जांभ्याच्या उघड्या कातळावर, सावली म्हणाल तर एक झाड नाही. पहिल्याच दिवशी बॅच पाडताना एका मार्गदर्शकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या हातात फील्ड बुक दिलं. डोंगर चढायला मी जड आहे असा त्यांचा हिशेब. इन्स्ट्रुमेंट मुलांकडे, स्टाफ मुलांकडे, मुली लिहिणार. एका मित्राच्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, त्याला तर टेंटमध्ये प्लॉटिंगलाच बसवला, सातही दिवस. त्याला ट्रायपॉड लावता येतो का हे कुणी विचारलंसुद्धा नाही. (येतो. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात झटपट बबल सेंटरला आणतो तोच.) वर संडासाची सोय नाही. त्यामुळे मुली सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी एक चक्कर येऊन पडली तेव्हा निष्कर्ष निघाला की मुलींना फिल्ड झेपत नाही! पाणी का प्यायली नाही हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?

गंमत म्हणजे लेव्हलिंगमध्ये आपण इन्स्ट्रुमेंटची उंची दर वेळी काढतो, कारण प्रत्येक सेटअपला ती बदलते हे आपल्याला मान्य असतं. ट्रायपॉडचे पाय वरखाली होतात ते काय उगीच? पण सेफ्टी शूज ज्या मापाचे येतात त्यांत माझ्या रूममेटचे दोन पाय एकात मावतील. हेल्मेट कपाळावरून घसरतं. आणि ही सगळी मापं जिथून येतात ते शास्त्र म्हणजे मानवमिती, इरावतीबाईंचंच शास्त्र. खुर्चीची उंची, बसची पायरी, कंट्रोल पॅनेलची जागा, सगळीकडे कुणाची तरी शरीरं मोजलेली असतात आणि कुणाची तरी मोजायची राहून गेलेली असतात.

इरावतीबाईंनी मोजमापातून काय शोधलं? अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या बरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या समाजांच्या मोजमापांवर १९५१ मध्ये पुस्तक काढलं. पुढे कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली, ती १९६८ मध्ये छापून आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सगळे ब्राह्मण एकाच मुळाचे, सगळे कुंभार एकाच मुळाचे, ही समजूत चुकीची आहे. एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या असं नसून, वेगवेगळे गट आपापल्यात लग्नं करत राहिले आणि धंदा किंवा दर्जा सारखा म्हणून त्यांना एक नाव मिळालं. आपल्या गुरूंशी, म्हणजे घुर्यांशी, त्यांचा इथेही मतभेद झाला. गाइडशी मतभेद ही बाईंची खोडच दिसते.

पण त्यांना उगाच देव करण्यात अर्थ नाही. बर्लिनला फिशरचा सिद्धांत खोटा ठरवला तरी वंश ही कल्पना आणि मोजपट्टी त्यांनी पुढे सोडली नाही. डोक्याच्या मापावरून माणसांची मुळं शोधता येतील हा विश्वास त्यांच्या कामात बराच काळ दिसतो. आज जनुकशास्त्राने ते दुकान बंद केलं आहे. माणसा-माणसांतला बराचसा फरक एकाच गटाच्या आत असतो, दोन गटांच्या मध्ये नाही. त्यांच्या नातीने, ऊर्मिला देशपांडे यांनी, थियागो पिंटो बार्बोसा या संशोधकाबरोबर २०२४ मध्ये 'इरू' नावाचं इंग्रजी चरित्र लिहिलं. बाईंचं बर्लिन नीट समजून घ्यायचं असेल तर ते वाचावं.

मला मात्र त्यांचं ललित लेखन जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे कॅलिपर बाजूला ठेवलेला असतो. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर 'वाटचाल' हा लेख लिहिला. दिवसभर एक अभंग म्हणत चालणारी माणसं रात्री जातीप्रमाणे वेगळ्या चुली मांडतात, हे त्यांनी बघितलं आणि ते त्यांना झोंबलं. 'परिपूर्ती' हा त्यांचा लेख तर प्रसिद्धच आहे. एका सभेत त्यांची ओळख करून देताना अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी असं सगळं झालं, तरी त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग रस्त्यात काही पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि बाईंना ओळख पुरी झाल्यासारखं वाटलं. आमच्या रूमवर यावरून रात्री दीडपर्यंत भांडण झालं. रूममेटला तो लेख फार गोड वाटतो. मला वाटतं, १४९ कवट्या मोजून आलेल्या बाईंना ओळखीसाठी पोराचा वर्ग का लागावा? पण बाई स्वतःलाच हसतायत असंही त्यात आहे, हे मला दुसऱ्या वाचनात जाणवलं. वाद अजून चालू आहे.

१९४७ मध्ये त्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या. १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. मामा, आत्या, जाऊ, नणंद या शब्दांसाठी त्या भाषांमागून भाषा पालथ्या घालत हिंडल्या. हे शब्द बायकांकडून, चुलीपाशी बसूनच नीट कळणार. तिथे कुठल्या पुरुष संशोधकाला कोण बसू देणार होतं? म्हणजे जे शरीर फिल्डवर अडचण म्हणून धरलं जातं त्यानेच त्यांना स्वयंपाकघराचं दार उघडून दिलं असणार.

शेवटचं मोठं काम आपल्या ब्रँचशी थेट संबंधित आहे. कोयना धरणाखाली सातारा जिल्ह्यातली गावंच्या गावं गेली. ती माणसं कुठे गेली, कशी जगतायत, याची पाहणी इरावतीबाईंनी मुलगी जाई निंबकर यांच्यासह केली आणि तो अहवाल १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. धरणातून विस्थापित झालेल्यांच्या घरोघर जाऊन केलेल्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या पाहण्यांपैकी ही एक. तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. तो बघायला बाई नव्हत्या. ११ ऑगस्ट १९७० ला, वयाच्या ६४ व्या वर्षी त्या गेल्या.

कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं, हे आपल्याला पाठ आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटला गाइडने मेगावॉट सांगितले, बोगद्याचा व्यास सांगितला, हेड सांगितलं. माणसांचा आकडा कुणी सांगितला नाही. व्हिजिटच्या रिपोर्टला मी विस्थापितांवरची दोन पानं जास्तीची जोडली आहेत. सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, आणि इंडेक्समध्ये त्या पानांना कुठल्या हेडिंगखाली घालायचं हे अजून ठरलेलं नाही.

— तृतीय वर्ष, स्थापत्य (मुलींचे वसतिगृह)